घंटी कोणाच्या नावावर

महागावहून फुलसावंगीकडे निघालं की कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या थोडं पुढे ‘निवांत सेवासदन’ नावाची पिवळी इमारत लागते. निवांतपणा काय तो पाटीवरच होता. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, दुपारी कापसाच्या गाड्यांचे हॉर्न, आणि दिवसभर आतल्या म्हाताऱ्या माणसांच्या हाका. पाणी आण वं. पंखा कमी कर वं. माझी कवळी कुठं ठेवली वं. या हाकांचं तिथे कोणाला काही वाटत नव्हतं. मग क्षितिज मॅनेजर म्हणून आला, आणि त्याला वाटलं.

क्षितिज नागपूरला कसलासा कोर्स करून आला होता. शर्टाची घडी मोडू नये म्हणून खुर्चीतसुद्धा तो ताठ बसायचा, आणि ‘सिस्टीम’ हा शब्द असा उच्चारायचा की जणू घरच्या कुलदैवताचं नाव घेतो आहे. एक दिवस तो नागपूरला गेला आणि खोकं घेऊन परतला. खोक्यात सुपारीपेक्षा थोडी मोठी, पांढरी बटणं होती, प्रत्येकाला निळी दोरी. तार नाही, काही नाही. खाटेवरच्या माणसाने बटण दाबलं की आयाबाईच्या मनगटावरचं घड्याळ थरथरणार, त्यात खाटेचा नंबर उमटणार, आणि हॉलमधल्या डब्यातून एक बाई गोड आवाजात सांगणार, ‘खाट क्रमांक चार. मदत हवी आहे.’ ती बाई इतकं गोड बोलायची की मदत कोणाला हवी आणि लाडू कोणाला हवा ते कळू नये.

उद्घाटनाला यवतमाळहून ट्रस्टच्या अध्यक्षा शोभाताई आल्या. नारळ फुटला. शोभाताईंनी पहिलं बटण दाबलं. आता गंमत अशी, की जिच्या मनगटावर ते वाजायचं ती आयाबाई, रामीबाई, त्यांच्या शेजारीच पेढ्यांचं ताट धरून उभी होती. घड्याळ थरथरलं तशी ती दचकली आणि ‘काय पाहिजे बाई’ म्हणाली. क्षितिजने डोळ्याने खुणावलं. रामीबाई बिचारी ताट घेऊन दारापर्यंत गेली आणि तिथून पळत परत आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग क्षितिज एकेकाच्या गळ्यात बटण घालत सहा नंबरच्या खाटेपाशी आला. तिथे कौसल्या बसली होती.

“हे मी गळ्यात घालत नाही,” ती म्हणाली.

“का आजी? वजन काहीच नाही.”

“नसू दे. घंटी गुराच्या गळ्यात बांधतात. रानात भटकलं तर सापडावं म्हणून. मी या खाटेवरून कुठं भटकून राह्यली?”

क्षितिज हसला. शिकलेल्या माणसाला उत्तर सुचलं नाही की तो हसतो. त्याने बटण खाटेच्या दांडीला बांधलं आणि पुढे गेला.

कौसल्या तिथे राहायला आली नव्हती, बरी व्हायला आली होती. यवतमाळला मुलाच्या घरी ओल्या फरशीवर पाय सरकला, खुब्याचं हाड मोडलं, रॉड टाकला. मुलगा अश्वजित आणि सून रुपाली दोघंही नोकरीवाले. सून म्हणाली होती, मी सुट्टी घेते. कौसल्येने तिला थांबवलं. सुनेच्या हाताने संडासला जायचं म्हणजे जन्मभर तिच्या भाजीला चांगलं म्हणावं लागलं असतं, आणि रुपालीच्या भाजीला चांगलं म्हणणं कौसल्येच्या जिभेला जमणारं नव्हतं. त्यापेक्षा पगारी माणूस बरा. डॉक्टरने सांगितलं होतं, वॉकर धरायचा, एका माणसाने कोपराला आधार द्यायचा, आणि रोज उठून चालायचं. आपल्या पायाने संडासला जाऊन यायला लागली की घर. तेवढंच तिला पाहिजे होतं. आपल्या पायाने जायचं, आपल्या पायाने यायचं. बाकी सगळं जगाने स्वतःजवळ ठेवावं.

आणि त्यासाठी तिला रामीबाई पुरेशी होती. रामीबाई जवळच्या तांड्यावरची, अंगाने काटक, बोलायला मोकळी. कौसल्येचा आवाज असा, की तरुणपणी तिने शेताच्या धुऱ्यावरून हाक दिली तर पलीकडच्या पांदणीच्या वाटेने जाणारा परका माणूससुद्धा सायकल थांबवायचा. ती खाटेवरून म्हणायची, “रामी वं,” आणि रामीबाई जिथे असेल तिथून म्हणायची, “आली याडी.” याडी म्हणजे आई. एवढीच त्या दोघींची सिस्टीम होती. तिला सेल लागत नव्हते.

बटणं आली आणि हॉलच्या भिंतीवर पाटी लागली. कौसल्या दुसरीपर्यंत शिकलेली. तिने एकेक अक्षर जोडून वाचलं: शांतता राखा. हाक मारण्यास सक्त मनाई. बटण वापरा.

“हाकेले मनाई,” ती रामीबाईला म्हणाली. “मंग इथी कोणी मेलं तर त्याच्या पोरींनी काय बटण दाबून रडायचं?”

“हळू बोल याडी. साहेब काचेतून पाहून राह्यला.”

“पाहू दे. काच पुसलेली असली तर दिसन त्याले.”

पण आयाबायांना ताकीद होती, हाकेला जायचं नाही, घड्याळाला जायचं. रामीबाई तरी यायची, पण चोरीचा माल न्यावा तशी, कडेकडेने. दोनदा तिला ऑफिसात बोलावून समज दिली गेली. कौसल्येला ते कळलं तेव्हा तिने हाकेचा आवाज कमी केला. जन्मात पहिल्यांदा. आणि कमी आवाजातली कौसल्येची हाक म्हणजे चूल नसलेलं घर. ओळखीचंच वाटत नव्हतं.

बटण मात्र ती दाबत नव्हती. क्षितिजला वाटलं, बुढीला समजत नाही. त्याने पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं, हे बटण, हा अंगठा, असं दाबायचं. कौसल्या ऐकून घ्यायची. खरं कारण तिने त्याला सांगितलं नाही. सांगून कळावं असा त्याचा चेहरा नव्हता.

तिचा नवरा भीमराज सरकारी कचेरीत शिपाई होता. साहेबाच्या टेबलावर पितळेची घंटी, वरून तळवा मारला की टण्ण. त्या टण्णवर भीमराजने नोकरी काढली. ती घंटी कचेरीत राहिली असती तर कौसल्येची काही तक्रार नव्हती. पण ती त्याच्याबरोबर घरी यायची. तो भाकर खायला बसलेला असावा आणि गल्लीत बर्फवाल्याने घंटी वाजवावी, की हा ताटावरून अर्धा उठलेला. हातात घास तसाच. मग भानावर येऊन खाली बसायचा आणि पाणी प्यायचा. लेकरं हसायची. कौसल्या हसली नाही. तिच्या बापाने छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरात सगळ्यांना एकच सांगितलं होतं, आजपासून नाव घेऊन बोलावलं तर जायचं, चुटकी वाजवून बोलावलं तर जायचं नाही. आणि त्या बापाच्या पोरीच्या घरात बर्फवाला घंटी वाजवत होता आणि नवरा उभा राहत होता. पुढे अश्वजितने नव्या घराच्या दाराला बेल बसवली, तर आठ दिवसांच्या आत तिची तार निघालेली होती. उंदराने कुरतडली, असं कौसल्येने सांगितलं. उंदराने स्क्रू काढायला पेचकस वापरला होता, ते अश्वजितने पाहिलं.

हॉलच्या पलीकडे चार नंबरची खाट कमलाकररावांची. कमलाकरराव नायब तहसीलदार म्हणून रिटायर झालेले. बटण येईपर्यंत हा माणूस कोपऱ्यात पडून असायचा, दाढी वाढलेली, कोणाशी बोलणं नाही. बटण आलं आणि त्यांच्यात जीव आला. त्यांनी ते गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं, खाली पेपरची घडी, आणि अंगठ्याने न दाबता वरून तळव्याने दाबायला सुरुवात केली. चष्मा पुसून द्या. पेपरचं पान उलटा. आज वार कोणता. एकदा तर रामीबाई धावत आली तेव्हा ते म्हणाले, “काही नाही, चालू आहे का ते पाहिलं.” डब्यातली गोड बाई दिवसभर चार नंबरचाच जप करायची. क्षितिज खूष होता. त्याच्या स्क्रीनवर रंगीत खांब उभे राहायचे, त्यात चार नंबरचा खांब छताला टेकलेला. तो म्हणायचा, “काका आमचे आदर्श युजर आहेत.”

एके दिवशी चहाच्या आधी दोघांच्या खुर्च्या व्हरांड्यात शेजारी आल्या.

“तुम्ही का वापरत नाही बाई?” कमलाकररावांनी विचारलं. “उत्तम सोय आहे. ऑफिसची आठवण येते मला. आमच्या टेबलावर पितळी होती.”

“असन.”

“एक शिपाई होता माझ्याकडे. काय माणूस होता. मी हात उचलला की हा दारात उभा. बेल वाजायची वाट पाहायचा नाही. तसा माणूस पुन्हा मिळाला नाही मला.”

कौसल्येने त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिने त्यांना आल्या दिवशीच ओळखलं होतं. “नाव काय होतं त्याचं?”

कमलाकररावांनी कपाळाला आठ्या घातल्या. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. “नाव,” ते म्हणाले. “आता असं पटकन... आपण शिपाईच म्हणायचो. नावाची गरज पडली नाही कधी.”

“भीमराज होतं.”

“असेल, असेल. ओळखत होता तुम्ही?”

“हो ना. दोन्ही टाइम मीच जेवू घालत होती.”

कमलाकररावांचं तोंड उघडं राहिलं. मग ते मिटून ते रस्त्याकडे पाहू लागले. तिनेही पाहिलं. त्यानंतर बराच वेळ डब्यातली बाई गप्प होती. चहा थंड आला, तेव्हा मात्र त्यांनी बटण दाबलं.

त्याच आठवड्यात कौसल्या पडली. दुपारची वेळ, तिला लघवीची घाई. तिने हळू आवाजात दोनदा हाक दिली. रामीबाई चार नंबरच्या खिडकीचा पडदा ओढत होती, कारण ऊन पेपरवर येत होतं. कौसल्या वॉकर धरून एकटीच उठली, दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर बसकण मारल्यासारखी खाली बसली. हाड मोडलं नाही. लुगडं ओलं झालं. रामीबाईने तिला उठवलं, धुतलं, बदललं, आणि सगळा वेळ कौसल्या भिंतीकडे पाहत राहिली.

क्षितिज स्क्रीन घेऊन आला. “आजी, हे बघा. तुमच्या खाटेचे कॉल शून्य आहेत.”

“मंग?”

“म्हणजे सिस्टीमच्या हिशेबाने तुम्हाला मदत लागतच नाही. आणि तुम्ही पडलात. म्हणजे मदत लागते, पण तुम्हाला बटण वापरता येत नाही. ज्यांना बटण वापरता येत नाही त्यांच्यासाठी आपल्याकडे विश्राम कक्ष आहे. पुढच्या आठवड्यात शोभाताई येतील तेव्हा तुमची शिफ्टिंग फायनल करू. टेन्शन घेऊ नका. तिथे उठायचीच गरज नाही.”

विश्राम कक्ष म्हणजे मागची खोली. नाव कोणी ठेवलं देव जाणे, नाव ठेवणाऱ्याने वास घेतला नसावा. तिथल्या माणसांना डायपर घालून निजवून ठेवत. तिथे बटणं नव्हती, कारण बोलावायचं कशाला. त्या खोलीत गेलेलं कोणी चालत बाहेर आलेलं कौसल्येने पाहिलं नव्हतं. क्षितिज जाताना तिच्या कपाटावर डायपरचं पाकीट ठेवून गेला. पाकिटावर एक गोरी म्हातारी हसत होती. कौसल्येने तिचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं.

संध्याकाळी अश्वजितचा फोन आला. “आई, दाब ना ते बटण. एवढं काय त्यात?”

“बटणानं बत्ती लागते, पंखा लागते. माणसाले कायले बटण लावून राह्यले तुम्ही?”

“अगं, माणसं आहेत तिथं, पण त्यांना कळायला नको का?”

“मी सांगते ना तोंडानं.”

“आई, त्या खोलीत गेलीस तर तू चालणार नाहीस पुन्हा. डॉक्टर म्हणाले तसं. मी येऊन घेऊन जाऊ का तुला?”

“पाहू,” म्हणून तिने फोन ठेवला. घेऊन जा म्हणणं म्हणजे रुपालीच्या हातात कोपर देणं. पण रात्री झोप न येता ती छताकडे पाहत पडली, तेव्हा तिला कबूल करावं लागलं की भाजीला चांगलं म्हणणं त्या पाकिटापेक्षा सोपं आहे. आणि अश्वजितच्या दारालाही आता पुन्हा बेल बसवलेली होती.

दुसऱ्या दिवशी रामीबाई व्हरांड्याच्या पायरीवर भाकर खात बसली होती. बेसन, भाकर, हिरवी मिरची. पहिला घास तोंडात, दुसरा हातात, आणि मनगट थरथरलं. रामीबाई अर्धी उठली. घास तसाच.

“बस,” कौसल्या म्हणाली. “जेव.”

“चार नंबर आहे याडी.”

“पेपर पाह्यजे असन त्याले. बस म्हटलं ना.”

रामीबाई बसली नाही. ती घास ताटात ठेवून हात पदराला पुसत गेली. मिरचीवर माशी बसली. कौसल्येने बसल्या जागेवरून हात हलवून ती उडवली, ती पुन्हा बसली, तिने पुन्हा उडवली. रामीबाई परत येईपर्यंत ती तेच करत राहिली. आणि तेवढ्या वेळात तिचा विचार पक्का झाला.

तिने क्षितिजला निरोप पाठवला. तो आला.

“मी दाबीन बटण,” ती म्हणाली.

क्षितिजचा चेहरा असा उजळला की जणू बोर्डात पहिला आला. “बघा, मी म्हणत होतो ना आजी.”

“पण रामीच्या घड्याळात नको. तुमच्या फोनात वाजू द्या.”

“माझ्या?”

“मी अडाणी बाई. नवीन नवीन शिकताना मास्तर जवळ लागते. रामी काय शिकवीन मले? दाबलं का नाई, बराबर दाबलं का नाई, हे तुमच्यासारख्याले कळन. ज्यानं घंटी आणली त्यालेच तिचं ज्ञान.”

क्षितिजने विचार केला. शोभाताई येणार. अहवालात शून्य दिसणार. शून्य वाईट दिसतं. चार दिवसांचा प्रश्न. त्याने फोन काढला, इकडे बोट, तिकडे बोट, आणि सहा नंबरची घंटी आपल्या नावावर करून घेतली. म्हणाला, “याला ट्रेनिंग मोड म्हणतात.”

“म्हणू द्या,” कौसल्या म्हणाली.

पहिल्यांदा तिने दाबलं तेव्हा तो पळतच आला. फोन हातात, फोनमध्ये ती गोड बाई अजून बोलत होती. “काय झालं आजी?”

“काई नाई. मले जायचं आहे. रामीले सांगा.”

क्षितिजने इकडेतिकडे पाहिलं. रामीबाई हॉलच्या दुसऱ्या टोकाला कोणाला तरी औषध पाजत होती. आता तिला कसं सांगायचं? खाटेवरच्यांना बटण होतं, आयाबायांना घड्याळ होतं. मॅनेजरला कोणाला बोलवायचं असेल तर त्याची सिस्टीममध्ये सोयच नव्हती. तो घसा खाकरून हळूच म्हणाला, “रामीबाई.” ती काही वळली नाही. मग तो पाटीखाली उभा राहिला, त्याच पाटीखाली, आणि ओरडला, “रामीबाई.”

“आली साहेब,” रामीबाई म्हणाली.

सगळा हॉल बघत होता. कौसल्या पदर नीट करत होती.

तेव्हापासून हे रोज सुरू झालं. कौसल्येने एकदाही खोटं बटण दाबलं नाही. तशी गरजच नव्हती. साखरेचं दुखणं आणि अंगातलं पाणी काढायची गोळी, दोन्ही तिच्या बाजूने होती. क्षितिज जेवणाच्या ताटावरून उठून आला. नागपूरच्या बटणं विकणाऱ्या माणसाशी बोलता बोलता आला. एकदा दाढीला अर्धा साबण लावलेला आला. दर वेळी पाटीखाली उभं राहून तो रामीबाईला नावाने हाक मारायचा, आणि रामीबाई नावाने बोलावलेलं माणूस यावं तशी, आपल्या चालीने यायची.

“याडी, साहेब वाळून चालला,” ती एकदा कौसल्येला उठवताना कानात म्हणाली.

“हवा लागून राह्यली त्याले. चांगलं असते.”

पण एक गोष्ट कौसल्येने रामीबाईला सांगितली नाही. एका सकाळी क्षितिज दारात येऊन उभा राहिला, धापा टाकत, कॉलर वाकडी, आणि “बोला आजी” म्हणाला, तेव्हा तिला छातीत कुठेतरी गोड वाटलं. पेढा खाल्ल्यासारखं. तिचं मन म्हणालं, अजून एकदा दाबून पाहावं, काही काम नसताना. तिने बोट काढून घेतलं आणि त्या गोडीची तिला भीती वाटली. चार नंबरचा बुढा उगीच दाबत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. तिने बटण दांडीवरून सोडून उशीखाली सरकवलं आणि खरी गरज पडेपर्यंत हात लावला नाही.

शोभाताई आल्या. ऑफिसात चहा झाला. काचेपलीकडे क्षितिज रंगीत खांब दाखवत होता आणि बोट सहा नंबरच्या खाटेकडे करत होता. मध्येच त्याने मागच्या खोलीच्या दिशेनेही बोट केलं; शिफ्टिंग त्याने अजून रद्द केलं नव्हतं. कौसल्या खाटेच्या कडेला बसून ते पाहत होती. आज रामीबाई विश्राम कक्षात एका म्हाताऱ्याला बदलायला गेली होती, लवकर येणार नव्हती. आणि आजच, याच वेळी, कौसल्येला घाई लागली. शरीराला अध्यक्षांचं काही नसतं.

तिने बटण दाबलं.

काचेपलीकडे क्षितिजने फोन उलटा ठेवला. उलट्या फोनमधूनही गोड बाई बोलत राहिली. खाट क्रमांक सहा. मदत हवी आहे. शोभाताईंनी फोनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. काही बोलणं झालं. क्षितिज उठला. त्याच्या मागे शोभाताई चहाचा कप घेऊनच उठल्या.

“आजी, मीटिंग चालू आहे,” तो दारातून दबक्या आवाजात म्हणाला. “रामीबाईला पाठवतो.”

“रामी मागच्या खोलीत हातभर घाणीत आहे. थे येईपर्यंत माह्यानं थांबवत नाही.” कौसल्येने कपाटाकडे मान वळवली. “नाई तर थे पाकीट फोडा. तुम्हीच बांधा पण. फोनात तुमच्या वाजलं.”

क्षितिजने पाकिटाकडे पाहिलं. मग मागे उभ्या शोभाताईंकडे पाहिलं. मग इस्त्रीच्या शर्टाची बाही त्याने कोपरापर्यंत सारली आणि हात पुढे केला.

“मनगट नाई. कोपराले धर. जोरानं नको. हां.”

तो तिला ‘तुम्ही’ म्हणत होता आणि ती आता त्याला ‘तू’ म्हणत होती, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. वॉकर एक वीत पुढे, मग एक पाय, मग दुसरा. खुब्यात कळ यायची तेव्हा ती थांबायची, तेव्हा तोही थांबायचा. मध्ये उंबरा आला, तोच उंबरा. त्याने आपला पाय आडवा लावून वॉकर धरला. ती ओलांडून गेली. दार लोटलं गेलं. वॉकर बाहेर त्याच्या हातात राहिला.

आतून कौसल्येला सगळं ऐकू येत होतं.

“ह्या तर चालतात,” शोभाताई म्हणाल्या. “मग विश्राम कक्षात कशाला?”

“मॅडम, त्यांचे कॉल शून्य होते.”

“आता तर वाजला. आणि मघाशी तुम्हीच दाखवलं, सगळ्यात लवकर मदत पोचते ती सहा नंबरला. पोचायला लागलेल्या वेळेचा खांब सगळ्यात छोटा त्याच खाटेचा आहे.”

“हो मॅडम.”

“वेगळं काय करता तिथे?”

“मी स्वतः जातो मॅडम.”

“मग झालं तर. शिफ्टिंग राहू द्या यांचं. ते पाकीटही परत ठेवा, वाया जाईल. आणि क्षितिजराव, चांगलं चाललंय ना सहा नंबरला, मग सगळ्याच खाटांना तसंच करा की. सगळ्या घंट्या तुमच्या फोनवर घ्या.”

“माझ्यापासून सुरू करा,” पलीकडून कमलाकररावांचा आवाज आला.

कौसल्येने भिंतीवरच्या कडीला धरून नळ फिरवला. नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला. तिने बादलीत पाहिलं. बादली कोरडी.

“बाई,” तिने आतून आवाज दिला. हळू नाही, आपला होता तेवढा. “नळाले पाणी नाई.”

बाहेर क्षितिजच्या हातातला वॉकर खडखडला.

“त्याचं बटण कोणाच्या नावावर आहे?”

वॉकर भिंतीला टेकवल्याचा आवाज आला आणि बुटांची धावती पावलं मोरीकडे गेली. पत्र्याची बादली कशाला तरी आपटली. दार थोडं हललं. ते आपोआप उघडत होतं, त्याची कडी कधीचीच ढिली होती.

“कोण आहे दारात?”

“मी आहे,” शोभाताई म्हणाल्या.

“मी म्हणजे कोण बाई? नाव सांगा.”

“शोभा.”

“बरं शोभाबाई. दार धरून ठेवा जरा. पोट्टा पाणी घेऊन आला का त्याले बाहेरच थांबवा, बादली तेवढी तुम्ही आत सरकवा.”

शोभाताईंनी चहाचा कप खाली फरशीवर ठेवला, त्याचा किणकिण आवाज आत आला, आणि मग दार बाहेरून घट्ट धरलं गेलं.